पडण्यासाठी ठेवलेली दांडी

मिस्त्रींनी आयुष्यात एकही जोड सुटा ठेवला नव्हता. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मोऱ्यांखाली, टाक्यांमागे, जिन्यांच्या पोटात वाकून त्यांनी पाइप जोडले आणि प्रत्येक जोडाला दोनदा चिकटवायचं सोल्यूशन लावलं. एकदाच लावणारे पुष्कळ असतात, त्यांच्याकडे गिऱ्हाईक वर्षाच्या आत ओरडत येतं. मिस्त्रींकडे कधी कोणी ओरडत आलं नाही. याचं बक्षीस म्हणून त्यांना आणखी काम मिळालं, आणि त्या कामाचं बक्षीस म्हणून गुडघे गेले.

देवाने माणसाला थकवा दिला तो विसाव्याची गोडी कळावी म्हणून. मिस्त्रींच्या वाट्याला त्यातलं पहिलंच अर्धं आलं होतं. संध्याकाळी घरी पोचले की ते दाराजवळच्या स्टुलावर बसत, आणि बुटांच्या नाड्या सोडायला पुन्हा वाकावं लागणार या विचाराने पाच मिनिटं नुसते बुटांकडे बघत राहत.

"नुसतं बघून सुटत नाहीत त्या," अक्का आतून म्हणायची.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. इस्पितळाच्या धुलाईघरात एकतीस वर्षं चादरी उकळून, पिळून, घड्या घालून ती नुकतीच निवृत्त झाली होती. आई लवकर गेली, तेव्हा या धाकट्याला तिनेच कडेवर घेऊन वाढवलं. पुढे मिस्त्रींची बायको गेली, आणि अक्का दोन पिशव्या घेऊन पुन्हा त्याच्याकडे राहायला आली. या बाईने जन्मात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. देवापुढे हात जोडले तरी आभार मानूनच उठायची, मागणं राहून जायचं. आणि निवृत्तीच्या तिसऱ्या आठवड्यात तिने धाकट्या भावाकडे कुत्रा मागितला.

"कुत्रा? अक्का, आपण दोघं मिळून एक माणूस होत नाही, त्यात कुत्रा कुठे?"

"मी बघेन त्याचं सगळं. तुला हातसुद्धा लावावा लागणार नाही."

असं म्हणून ती टाकलेल्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात गेली, आणि तिथल्या पन्नास-साठ कुत्र्यांमधून नेमका तो घेऊन आली जो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसला होता. तपकिरी, मध्यम उंचीचा, डोळ्यांवर केस आलेला. अक्काने त्याचं नाव झिपऱ्या ठेवलं. चमचा पडला तरी झिपऱ्या पलंगाखाली जायचा. दार जोरात लागलं तर जिथे उभा असेल तिथेच लघवी करायचा. दोन घरांनी त्याला आधीच परत केलं होतं.

निवाऱ्याच्या बाईंनी अट स्पष्ट सांगितली होती. "सहा आठवडे तुमच्याकडे राहील. मग मी घरी येऊन बघेन. तोवर याला धीर आला नसेल तर मला घेऊन जावं लागेल. आणि तिसऱ्यांदा परत आलेला कुत्रा आम्ही पुन्हा कोणाला देत नाही. मागच्या बाजूच्या पिंजऱ्यात राहतो तो. कायमचा."

"धीर येतो कशाने?" अक्काने विचारलं होतं.

"कामाने. उड्या मारायच्या, बोगद्यातून जायचं, हलत्या फळीवर चालायचं. जमलं की त्याचा स्वतःवर विश्वास बसतो. तयार संच बाजारात मिळतो, पण तो महाग पडतो. हा कागद घ्या. घरच्या घरी कसं बनवायचं त्याची चित्रं आहेत यात."

अक्काने चौकशीला म्हणून तयार संचाची किंमत विचारली. मिस्त्रींनी ती ऐकली आणि म्हणाले, "एवढ्यात मी न्हाणीघर उभं करून देईन. गरम पाण्याच्या नळासकट." मग अक्काने तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. 'हातसुद्धा लावावा लागणार नाही' हे तिलाही आठवत होतं, त्यांनाही.

कागद बघून मिस्त्रींना बरं वाटलं, कारण त्यात सगळे पाइपच होते. आणि पाइप घरात होते. निम्म्या पलंगाखाली कामावरून उरलेले तुकडे, एल्बो, टी, टोपणं असा ढीग पडलेला होता. बायको होती तेव्हा त्यावरून भांडायची, अक्का त्यावरची धूळ पुसायची. मिस्त्रींनी पुढच्या रविवारी तो ढीग मागच्या अंगणात काढला आणि गुडघ्याखाली गोणपाट घेऊन कामाला बसले.

अंगण लांबुळकं होतं, तीन बाजूंना भिंत, एका भिंतीत फाटक, कोपऱ्यात पाण्याची सिमेंटची टाकी. त्यांनी पाच अडथळे केले. दोन उभे पाइप, खाली पाय, मध्ये आडवी दांडी. पहिला वीतभर उंच, शेवटचा गुडघ्याएवढा. काळ्या लवचिक पाइपची कडी वळवून त्यांनी बोगद्याचा सांगाडा केला. अक्काने त्यावर जुने पडदे शिवून चढवले. जुन्या दाराची फळी जाड ड्रेनेज पाइपवर ठेवून हलती फळी झाली, आणि ती जमिनीवर आपटून आवाज होऊ नये म्हणून दोन्ही टोकांखाली पायपुसणी आली. बारीक सहा नळ्या मातीत रोवून नागमोडी चालायची रांग झाली. अक्का शिवताना गुणगुणत होती. कित्येक वर्षांत तिचं गुणगुणणं मिस्त्रींच्या कानावर पडलं नव्हतं. धुलाईघराच्या यंत्रांत तिचा आवाजही विरून गेला असावा.

विकत आणावं लागलं ते फक्त सोल्यूशन. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने डबा पुढे सरकवत विचारलं, "मिस्त्री, रविवारी कुठे नळ काढताय?"

"घरीच. अंगणात."

"पाणी कुठून येणार?"

"पाणी नाही. कुत्रा येणार."

दुकानदाराने त्यांच्याकडे नीट बघितलं. "सुट्टी घ्या हो जरा," तो म्हणाला.

मिस्त्री चित्र वाचणारे. कागदावर खाली मजकूर होता, पण पाइपच्या माणसाला मजकुराची गरज पडत नाही. रेघेला रेघ लागली की तिथे जोड, आणि जोड म्हटला की सोल्यूशन, दोन वेळा. प्रत्येक अडथळा जोडून झाल्यावर त्यांनी आडवी दांडी दोन्ही हातांनी धरून हिसका दिला. हलली नाही. ते समाधानाने उठले, आणि उठताना "आई गं" म्हणाले.

पहिले काही दिवस झिपऱ्या अंगणात यायलाच तयार नव्हता. मग पहिली दांडी त्याने हुंगली. मग अक्काच्या हातातल्या पावाच्या तुकड्यासाठी ओलांडली. तिसऱ्या आठवड्यात तो चार अडथळे लागोपाठ पार करू लागला. शेपूट, जे आजवर पोटाला चिकटलेलं असायचं, ते बाहेर आलं. अक्का इतकी हसली की तिला खोकला लागला.

त्या शनिवारी संध्याकाळी अक्काने त्याला पाचव्या अडथळ्यापुढे आणलं, टाळी वाजवली आणि "चल!" म्हणाली.

झिपऱ्या धावला, उडाला, आणि त्याचे मागचे पाय दांडीत अडकले. दांडी सुटली नाही. ती सुटणार कशी? आख्खा सांगाडा त्याच्याबरोबर उलटला, कुत्रा खांद्यावर आपटला आणि पाइप त्याच्या अंगावर आले. जे किंचाळणं निघालं ते ऐकून वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. झिपऱ्या टाकी आणि भिंतीमधल्या फटीत शिरला, आणि अक्का तासभर तिथे जमिनीवर बसून त्याला हाका मारत राहिली.

डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, खांद्याला मुका मार आहे, तीन दिवस विश्रांती द्या. पण मार फक्त खांद्याला लागला नव्हता. झिपऱ्या आता अंगणाच्या दाराकडेही बघेना. आणि मिस्त्री घरात आले, त्यांच्या कपड्यांना सोल्यूशनचा वास आला, की तो थरथरत पलंगाखाली जायचा.

"मीच घाई केली," अक्का त्या शनिवारी रात्रीच म्हणाली होती. "तो तयार नव्हता. मी उगाच टाळी वाजवली."

तेव्हा मिस्त्री अंगणात मोडलेला सांगाडा उचलायला गेले. तो मोडलेला नव्हताच, जोड सगळे जसेच्या तसे होते. असं कसं झालं म्हणून त्यांनी खिशातून कागद काढला, चष्मा लावला, आणि पहिल्यांदाच चित्राखालच्या ओळी वाचल्या. 'आडवी दांडी चिकटवू नये. ती नुसती टेकवून ठेवावी. कुत्र्याचा पाय लागताच ती खाली पडली पाहिजे, नाहीतर इजा होते.'

त्यांनी कागदाची घडी घातली. कागद खिशात गेला. ते आत आले, स्टुलावर बसले आणि बुटांकडे बघत राहिले.

"हात धुऊन घे, जेवायला वाढते," अक्का म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. मिस्त्री जेवले.

रविवार गेला, सोमवार गेला. मंगळवारी ते घरी आले तेव्हा दाराशी एक गाठोडं होतं. झिपऱ्याची जुनी चादर, वाडगं, गळपट्टा.

"उद्या सकाळी बाईंना फोन करते," अक्का म्हणाली. "अजून अठरा दिवस आहेत, पण कशाला त्या मुक्या जिवाला छळायचं? माझ्या हातात गुण नाही. चादरी धुवायचे हात हे, जिवंत जनावर सांभाळायचे नव्हेत."

आता खरं सांगायला हवं. मिस्त्रींच्या मनात त्या क्षणी जे आलं ते काही फार चांगलं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं, बाकी सगळं आपोआप होणार होतं. कुत्रा जाईल, अंगण मोकळं होईल, रविवारी दहापर्यंत झोपता येईल. चार दिवस अक्का रडेल, मग थांबेल. दमलेल्या माणसाला पाप करायला उठावंही लागत नाही, ते बसल्या जागी होतं. मिस्त्रींनी एका बुटाची नाडी सोडली. दुसऱ्या बुटाला हात घातला आणि तिथेच थांबले.

"अक्का, फोन करू नको."

"का?"

"ती दांडी पडायला हवी होती."

"कुठली दांडी?"

त्यांनी कागद काढून टेबलावर ठेवला आणि खालच्या ओळींवर बोट ठेवलं. अक्काने चष्मा शोधला. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे तुला कधी कळलं?"

"शनिवारी."

"आज मंगळवार आहे."

"हो."

"तीन दिवस मी या हातांना शिव्या देतेय. तीन दिवस! आणि तू समोर बसून जेवत होतास. परत वाढ म्हणालास!"

"दमलो होतो गं."

"दमलास? जेवायला दम होता ना?"

"खोटं नाही बोललो मी. काहीच बोललो नाही."

"धाकट्या, लहानपणी दूध सांडलंस की मांजराकडे बोट दाखवायचास. तेव्हा निदान बोट उचलायचे तरी कष्ट घ्यायचास!"

पलंगाखालून झिपऱ्याचं नाक बाहेर आलं आणि परत गेलं. अक्काने आवाज खाली आणला, पण राग खाली आणला नाही. "चूक झाली त्याचं मला काही नाही. चित्र बघून केलंस, तुझ्या धंद्याची सवय. पण मला त्या चुकीखाली ठेवून तू गप्प राहिलास, हे मी लवकर विसरणार नाही. ऊठ. करवत आण."

"आत्ता? गुडघे..."

"गुडघे राहू देत इथेच. बाकीचा चल."

अंगणात अजून उजेड होता. सोल्यूशन लावलेला जोड सुटत नाही, तो कापावाच लागतो. मिस्त्रींनी एकेक दांडी दोन्ही टोकांना कापली, म्हणजे दहा काप. दहाही ठिकाणी त्यांची करवत त्यांच्याच हाताच्या पक्क्या कामावर चालली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा पक्कं काम त्यांना जड गेलं. अक्का पाइप धरून बसली होती. मग त्यांनी जाड पाइपचे आखूड तुकडे केले, ते उभे चिरले, आणि अर्धगोल खोबण्या करून उभ्या पाइपांना स्क्रूने बसवल्या. दांडी त्या खोबणीत नुसती टेकवायची. मिस्त्रींनी टेकवली, आणि सवयीने अंगठ्याने दाबली.

"दाबू नको," अक्का म्हणाली.

त्यांनी दुसरी टेकवली. अंगठा पुन्हा पुढे गेला.

"धाकट्या!"

"हात ऐकत नाहीत गं."

"ऐकतील. फुंकर मारली तर पडेल अशी ठेव."

पुढचे दोन आठवडे कंटाळवाणे होते. गोष्टीत अशा दिवसांना एक ओळ मिळते, पण जगताना ते पूर्णच जगावे लागतात. पडणाऱ्या दांडीचा आवाज झिपऱ्याच्या ओळखीचा करायचा होता. अक्का घरातच एक दांडी पायपुसण्यावर हलकेच टाकायची आणि लगेच त्याच्यापुढे खाऊ ठेवायची. दहा वेळा, वीस वेळा. मग पायपुसणं काढून फरशीवर. मिस्त्रींना घरात शिरण्याआधी अंगणातल्या नळावर हात-पाय घासून, कपडे बदलून यायचा हुकूम होता. अक्का त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. "दांडी दे." "पाणी ठेवलंय." एवढंच. मिस्त्रींना तो अबोला गुडघ्यांपेक्षा जास्त दुखायचा.

घरात झिपऱ्या सरावला, पण अंगणात आला की सरळ टाकीमागे. म्हणून मिस्त्री रोज संध्याकाळी अंगणात भिंतीला टेकून जमिनीवर बसायचे. मांडीवर एक दांडी, ती मधूनमधून घसरवायची. ठण्ण. टाकीमागे हालचाल नाही. परत उचलायची. दिवसभर टाक्यांवर चढउतार केलेला माणूस, वर हा जप. एका संध्याकाळी, तपासणीला आठवडाच उरला असताना, त्यांना बसल्या बसल्या डुलकी लागली. दांडी मांडीवरून आपोआप घरंगळली, आणि ती पडल्याचं त्यांना कळलंही नाही. जाग आली तेव्हा झिपऱ्या दीड हातावर उभा होता. मान लांब करून, मागचे पाय पळायच्या बेतात ठेवून, तो ती दांडी हुंगत होता. मग त्याने मिस्त्रींचा हात हुंगला.

मिस्त्री हलले नाहीत. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाहीत. दारात अक्का उभी होती, तीही हलली नाही. बऱ्याच वेळाने ती हळूच म्हणाली, "पाय आखडला असेल ना?"

तेवढं वाक्य कामापुरतं नव्हतं.

सहा आठवडे पूर्ण झाले त्या रविवारी सकाळी निवाऱ्याच्या बाई आल्या. हातात पुठ्ठ्याला लावलेला कागद, पायात चिखलाचे बूट. "काय आजी, कसा आहे आमचा पाहुणा?"

"आजी म्हणू नका. आणि तो पाहुणा नाही," अक्का म्हणाली. म्हणाली खरी, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

झिपऱ्याने पहिली उडी मारली आणि दांडी पडली. अक्काचा चेहरा उतरला. दुसरी उडी, दुसरी दांडी. तिसरीला त्याने उडी मारलीच नाही, छातीने ढकलून पार गेला. चौथी, पाचवी. अंगणभर ठण्ण ठण्ण झालं. काल संध्याकाळी याच कुत्र्याने पाचपैकी चार स्वच्छ ओलांडल्या होत्या. बोगद्यापाशी तो थांबला, आत डोकावला आणि बाहेरून वळसा घालून पलीकडे गेला. फळीवर अर्ध्यापर्यंत चढला, ती हलली तसा उतरला. नागमोडी रांग त्याने सरळ रेषेत पार केली. मग येऊन अक्काच्या पायाशी बसला आणि खाऊसाठी तोंड वर केलं.

"रोज असं नाही करत तो," अक्का म्हणाली. "आज माणसं आहेत म्हणून... अजून एकदा बघा ना."

"पाच दांड्या होत्या ना?" बाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

"पाच."

"पाचही पडल्या."

"हो."

"स्पर्धेत असता तर भोपळा." बाईंनी पेन थांबवलं. "आजी... बरं, ताई. आमच्याकडे असताना माझ्या हातून किल्ल्यांचा जुडगा पडला होता, तर हा दोन दिवस जेवला नव्हता. आज याच्या पायाशी पाच वेळा पाइप आदळले. हा एकदाही पळाला नाही. तुम्ही उड्या मोजत होतात, मी याचे कान बघत होते." त्यांनी कागद फिरवून पुढे केला. "इथे सही करा. राहू दे तो इथे."

अक्काने सही केली. एकतीस वर्षं हजेरीपटावर झरझर सही करणारी बाई, तिला नाव पुरं करायला वेळ लागला. बाईंनी झिपऱ्याच्या डोक्यावर थाप मारली, मिस्त्रींना "काम छान केलंय हो" म्हणाल्या आणि गेल्या.

फाटक लागलं. अक्का जिथे उभी होती तिथेच, पडलेल्या दांड्यांमध्ये, खाली बसली. पाय पसरले, पाठ भिंतीला टेकली.

"दमले रे मी," ती म्हणाली.

हे तिच्या तोंडून मिस्त्रींनी कधी ऐकलं नव्हतं. आई गेली तेव्हा नाही, धुलाईघरातून दुप्पट पाळी करून यायची तेव्हा नाही. ते आत गेले, पाण्याचा तांब्या आणि तिची उशी घेऊन आले. उशी तिच्या पाठीमागे सरकवली. अक्काने डोळे मिटले होते. पाणी तसंच राहिलं.

झिपऱ्या मात्र दमला नव्हता. तो फाटकापर्यंत जाऊन आला, परत गेला, आणि मिस्त्रींकडे बघत उभा राहिला. त्याची फिरायला जायची वेळ झाली होती, आणि रोज त्याला अक्का नेत असे.

मिस्त्रींनी आधी अक्काकडे बघितलं, मग आत दिसणाऱ्या स्टुलाकडे. मग त्यांनी खिळ्यावरची दोरी काढली, वाकले, "आई गं" म्हणाले आणि ती कुत्र्याच्या गळपट्ट्याला अडकवली.

"हळू चल बाबा," ते त्याला म्हणाले. "आवाज न करता."